उतरव रे राजाला

१२ जून, शुक्रवार

सही केली नाही. करणारही नाही.

सकाळी कोर्टातून मलय दुभाषी म्हणून बोलावणं आलं, गेले, तर कारकुनाने पुढ्यात एक कागद सरकवला. पोलिसांनी केलेलं भाषांतर. "खाली 'अचूक आहे' असं लिहा आणि सही करा ताई, म्हणजे पुढची तारीख लावता येईल." मी म्हणाले, आधी वाचते. त्याला ते आवडलं नाही. वाचलं आणि शिसारी आली.

मूळ आवाज कुणाच्या तरी फोनवर पकडलेला आहे. होल्यांच्या, म्हणजे कवड्यांच्या, घुमण्याच्या स्पर्धेचं मैदान. पिंजरे उंच खांबांवर दोरीने चढवलेत, पंच खाली फिरतायत, फेरी चालू आहे आणि वाए मूसो नावाच्या म्हाताऱ्याचा होला ऐन वेळी गप्प बसलाय. होल्याचं नाव राजा. आमच्या मलय बोलीत 'राजो'. म्हातारा वैतागून दोरी धरलेल्या मेव्हण्याला ओरडतो — "नुसता दाणे खातो, तोंड उघडत नाही. उतरव रे राजाला!"

संपलं. एवढंच वाक्य. असली वाक्यं त्या मैदानावर दर सुट्टीला ढिगाने ऐकायला मिळतात. कोणी आपल्या होल्याला सेनापती म्हणतं, कोणी जावई. जावयाला तर लोक काय काय बोलतात!

आणि पोलिसांच्या कागदावर थाईत काय आहे? "राजा प्रजेचं अन्न खातो आणि प्रजेसाठी तोंड उघडत नाही. राजाला पायउतार करा."

प्रजा कुठून आली? दाण्यांचं अन्न कोणी केलं? आणि पिंजरा उतरवायचा तर त्याचं पायउतार? भाषांतर करणाऱ्याला मलय येत नसेल असं म्हणायची सोय नाही, त्याचं नाव खाली आहे, आमच्यातलाच आहे. म्हणजे समजून उमजून केलंय.

देशाच्या राजाचा अपमान केल्याचा गुन्हा. तीन ते पंधरा वर्षं. म्हाताऱ्याने साठी कधीच ओलांडली आहे. जामीन नाकारलाय.

कारकुनाला म्हटलं, मी माझं भाषांतर वेगळं देईन. तो म्हणाला, "उगाच डोक्याला ताप, ताई." कोणाच्या डोक्याला, ते बोलला नाही.

१३ जून, शनिवार

रोसलनला सांगितलं. नवरा म्हणून आधी जेवायला वाढलं, मग सांगितलं. भात, माशांची बुडू चटणी, तळलेला बांगडा, सगळं जागच्या जागी राहिलं. तो सरकारी शाळेत शिकवतो. म्हणाला, "तुझं काम अर्थ सांगायचं. बाजू घ्यायचं नाही."

अर्थच तर सांगतेय! खरा अर्थ सांगितला की ती बाजू होते, ही काय तऱ्हा?

दुपारी तो बाहेर पडवीत बसून राहिला. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं.

१६ जून, मंगळवार

तुरुंगात जाऊन आले. वकील सुकरीबरोबर. सुकरी पोरगेलासा आहे, कोट मोठा घालतो, पण हुशार. आमच्याच भागातला. त्याला दुभाषी नको, पण तुरुंगाचा नियम असा की कैद्याशी थाईत बोला, नाहीतर मान्यताप्राप्त दुभाषी आणा. म्हणजे दोन मलय माणसं मलयमध्ये बोलणार आणि मी मलय बाई मध्ये बसून त्याचं थाई करून पहारेकऱ्याला सांगणार. पहारेकरी फोनवर गाडीचे फोटो बघत होता.

वाए मूसो काचेपलीकडे आला. सडपातळ, दाढी उतरवलेली. तुरुंगवाल्यांनीच उतरवली. मी सलाम केला, काका म्हटलं. त्याने मला आधी गाव विचारलं, मग बापाचं नाव, मग म्हणाला की तुझ्या बापाकडून मी एकदा बकरी घेतली होती, लंगडी निघाली. मला हसू आलं. तुरुंगात पहिलं वाक्य हे!

मग त्याने होल्याचीच चौकशी केली. राजा कुठे आहे? सुकरीने सांगितलं की पक्षी पुरावा म्हणून पोलीस ठाण्यात ठेवलाय. मग काकाने मला सगळं बारकाईने सांगितलं — राळे आणि काळे तीळ द्यायचे, भात बिलकुल नाही, सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं, मांजरापासून जपायचं आणि रात्री पिंजऱ्यावर फडकं. हे मी पहारेकऱ्याला थाईत सांगितलं. त्याने मान वर केली, म्हणाला, "हे खटल्याशी संबंधित आहे का?"

बायकोबद्दल शेवटी विचारलं. येनाकाकू कशी आहे वगैरे. ते त्याने फार हळू विचारलं.

१९ जून, शुक्रवार

शब्दकोश काढून बसले. पुस्तकी मलयमध्ये 'उतर' आणि 'उतरव' हे दोन वेगळे शब्द. आमच्या बोलीने शेपूट कापून टाकलं, दोन्हीला एकच — तुरुन. 'तुरुन राजो.' राजा, उतर. राजाला उतरव. खांबावरचा पिंजरा उतरव. बोलणारा कुठे उभा आहे यावर अर्थ. बोलणारा मैदानात उभा होता, खांबाखाली, मान वर करून. आणखी काय पाहिजे?

२३ जून, मंगळवार

खटला सुरू झाला. दारं बंद. 'देशाच्या सुरक्षेचा प्रश्न' म्हणून आत कोणालाच सोडलं नाही. येनाकाकू पायऱ्यांवर डबा घेऊन बसली होती, तिलाही नाही. मी शपथ घेतली — जे बोललं जाईल ते, तेवढंच, न वाढवता न घटवता. अल्लाच्या नावाने घेतली.

आजचा तमाशा असा की ते वाक्य कोणी उच्चारायलाच तयार नाही! उच्चारलं तर तोही गुन्हा. सरकारी वकील म्हणतो "दुसऱ्या परिच्छेदातले शब्द". न्यायाधीश म्हणतात "सदर शब्द". पोलीस अधिकारी म्हणतो "ते". तासन् तास सगळे एका वाक्याभोवती चपला काढून फिरतायत आणि वाक्य आहे होल्याच्या पिंजऱ्याचं.

शेवटी मला म्हणाले, दुभाष्याने मूळ शब्द म्हणून दाखवावेत. म्हणजे त्या खोलीत तोंड विटाळायला मी! म्हटलं मी. मोठ्याने, मैदानात म्हणतात तसं. टंकणाऱ्या पोरीने बोटं उचलून घेतली.

मग सरकारी वकील — "राजो म्हणजे काय?"

"राजा."

"एवढंच सांगा."

"पण इथे ते नाव —"

"दुभाष्याने मत देऊ नये."

न्यायाधीशांनीही मान हलवली. आमच्या कोर्टात साक्ष जशीच्या तशी कोणी उतरवून घेत नाही. न्यायाधीश ऐकतात आणि त्यांना समजलेला गोषवारा स्वतःच यंत्रात बोलतात, तो टंकला जातो. त्यांनी यंत्रात म्हटलं — "दुभाष्याने सांगितले की सदर शब्दाचा अर्थ राजा असाच होतो." असाच! मी 'असाच' कधी म्हटलं?

घरी येऊन चूळ भरली. दोनदा.

२४ जून, बुधवार

काकाच्या नावावर आले आज. सरकारी वकिलाने कुठून तरी शोधून काढलं की नावाआधी 'वाए' लागतं ते जुन्या काळच्या इथल्या मलय राजघराण्याच्या वंशजांना. झालं! म्हणाला, आरोपीच्या मनात गादी गेल्याचा राग असणार, हा हेतू झाला.

गादी! काकाकडे बसायला धड खुर्ची नाही. आमच्या गल्लीत तीन वाए आहेत. एक सायकली दुरुस्त करतो, एक माशाचे पापड विकते, तिसरा काहीच करत नाही. तिघांनी मिळून राज्य घ्यायचं ठरवलं तर आधी कोण चहाचे पैसे देणार यावर फुटतील.

काकाला हे समजावून सांगितलं तेव्हा तो विचारात पडला. म्हणाला, "आजोबा म्हणायचे खरं. मला वाटायचं म्हातारा फेकतोय." हे मी थाईत सांगितलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं नव्हतं.

मेव्हणा सोलेहची साक्ष चांगली झाली. दोरी त्याच्याच हातात होती. सुकरीने विचारलं, हे शब्द ऐकून तू काय केलंस? तो म्हणाला, पिंजरा उतरवला. दुसरं काही उतरवायला होतं का तिथे? नव्हतं. सरकारी वकील उठला आणि म्हणाला, साक्षीदार नातेवाईक आहे. बसला.

२७ जून, शनिवार

बुरहान घरी आला होता. तक्रार करणारा हाच. ह्याचाच फोन, ह्यानेच आवाज पकडला, ह्याच्याच होल्याचा नंबर वर्षानुवर्षं काकाच्या राजाखाली लागायचा. आता गावचा उपमुख्य झालाय. हातात पिवळ्या भाताचा डबा, वर कोंबडीची तंगडी, आणि चेहऱ्यावर असं हसू की दार लावून घ्यावंसं वाटावं. पण दारात आलेल्याला पाणी द्यावं लागतं. दिलं.

म्हणाला, "सारीपाताई, माझं वैयक्तिक काही नाही हो. देशाचं खातो तर देशाचं बघायला नको?"

मी विचारलं, तुमच्या होल्याचं काय नाव?

"सुलतान," म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. पाणी अर्धंच प्यायला.

जाताना मात्र दारात थांबून रोसलनच्या शाळेची चौकशी केली. कुठली शाळा, हेडमास्तर कोण, बदलीची वेळ आली का. फार आपुलकीने.

डब्यातलं बदकांना घातलं. रोसलन म्हणाला, तंगडी तरी ठेवायचीस. मग आम्ही दोघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी. पण रात्री तो झोपला नव्हता, कूस बदलत होता.

१ जुलै, बुधवार

आज पक्ष्याला कोर्टात आणलं. खरंच आणलं! पुरावा क्रमांक चार. पिंजऱ्यावर शिक्का मारलेली चिठ्ठी, आत एक होला, पिसं विस्कटलेली.

सरकारी वकिलाचं म्हणणं असं की पक्ष्याचं नाव राजा होतं याला आधार काय? स्पर्धेच्या नोंदीत खांबाचा क्रमांक असतो, नाव नसतं. सुकरी म्हणाला, गावातल्या कोणालाही विचारा. सरकारी वकील म्हणाला, गाव नातेवाईक आहे. मग म्हणाला की आरोपीने पक्ष्याला नावाने हाक मारून दाखवावी, बघू ओ देतो का.

मला वाटलं न्यायाधीश झापतील. न्यायाधीश म्हणाले, मारू द्या.

काका उठला. पायात बेड्या, तुरुंगाचे खाकी कपडे. पिंजऱ्याजवळ गेला आणि हाक मारली नाही. जीभ टाळ्याला लावून एक बारीक आवाज काढला, बस. पक्षी हलला, काकाच्या बाजूच्या गजाला येऊन चिकटला. काकाने बोट आत घातलं. शिपायाने ते बाहेर काढलं.

न्यायाधीश यंत्रात — "आरोपीने सदर नाव उच्चारले नाही. पक्ष्याने आवाज केला नाही."

पिंजऱ्याच्या तळाशी शिजलेल्या भाताची ढेकळं वाळून चिकटली होती. मी सांगितलं होतं! राळे आणि तीळ म्हणून, थाईत, स्पष्ट सांगितलं होतं. कारकुनाला बाजूला घेऊन म्हटलं, तर म्हणे पुराव्याच्या आहारासाठी तरतूद नाही. मी स्वतः राळ्याची पिशवी नेऊन ठाण्यावर दिली संध्याकाळी. तिथल्या हवालदाराने ती हुंगून बघितली.

काकाने नंतर माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "बारीक झालाय."

२ जुलै, गुरुवार

रविवारच्या स्पर्धेत बुरहानचा सुलतान पहिला आला होता म्हणे. बाजारात फलक लागलाय. फलकावर बुरहान, करंडक आणि मागे झेंडे. ओकारी येते.

७ जुलै, मंगळवार

होला मेला. ठाण्यातल्या मांजराने की भाताने, कोणी सांगत नाही. मी दिलेली पिशवी तशीच कोपऱ्यात होती, न सोडलेली.

पण आजची खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणायचं म्हणून. कारकुनाला नोंद करायची होती आणि त्याचा हात चालेना. थाईत राजा मेला असं कोणी लिहीत नाही, त्यांच्या मरणाला वेगळा, मोठा, दरबारी शब्द आहे. पक्ष्याला तो शब्द वापरला तर राजाची टिंगल. साधं 'मेला' वापरलं आणि पुढे पक्ष्याचं नाव आलं तर त्याहून वाईट. तीन माणसं त्या एका ओळीवर डोकं धरून बसली होती. शेवटी लिहिलं — "पुरावा क्रमांक चार यापुढे उपलब्ध नाही."

म्हणजे पक्ष्याचं नाव राजा होतं हे ह्यांना पुरतं ठाऊक आहे! नाहीतर घाबरले कशाला? सुकरीने हा मुद्दा न्यायाधीशांपुढे मांडला. पहिल्यांदाच त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. यंत्रात काही बोलले नाहीत, पण बघितलं. सुकरी म्हणतो, हा पाघळला आहे, भाषांतराबद्दल शंका आली आहे त्याच्या मनात. सुटेल, ताई, सुटेल.

काकाला कोणी सांगायचं? मीच. सुनावणीनंतर बोळात नेत होते त्याला. आपल्या भाषेत सांगायला दोनच शब्द. राजा मेला, काका. माझा आवाज जरा चढला असावा, कारण बोळातले सगळे मलय लोक — पक्षकार, चहावाला, झाडूवाली — जागच्या जागी थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. झाडूवाली तर भिंतीला टेकली.

"होला," मी म्हणाले. "होला मेला."

काकाला पुढे ढकलत नेलं.

८ जुलै, बुधवार

येनाकाकूकडे जाऊन आले. रिकामे पिंजरे पडवीत उलटे टांगलेत. बाकीचे होले तिने सोडून दिले, दोन पुन्हा परत आले म्हणाली. बोलता बोलता एकदम रडली आणि लगेच थांबली. तिला एकच विचारायचं होतं. निर्दोष सुटला तर त्याच दिवशी घरी सोडतात की दुसऱ्या दिवशी? म्हणजे भात कधी टाकायचा.

मी म्हटलं, त्याच दिवशी.

१४ जुलै, मंगळवार

लिहून काढते, नाहीतर झोप नाही.

आज शेवटचं निवेदन. सुकरीने काकाला चार वाक्यं पाठ करून दिली होती. मी माझ्या पक्ष्याला बोललो, मनात दुसरं काही नव्हतं, सिंहासनाबद्दल आदर आहे, न्याय व्हावा. सगळं ठरलेलं. खोलीत दार बंद करून आम्ही मोजकेच. न्यायाधीश, सरकारी वकील, टंकणारी, शिपाई, हे सगळे थाई. मलय समजणारे फक्त तिघं. काका, सुकरी, मी.

न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीला काही सांगायचं आहे का? आवाज मऊ होता. मी काकाला सांगितलं, बोला.

काका उभा राहिला. माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे म्हणाला, "साहेबांना सांग पोरी, त्या दिवशी मी माझ्या पाखराला बोललो होतो. अल्ला साक्षी आहे, फक्त पाखराला. पण पाखरू आता नाही. तुम्ही सगळे म्हणता मी त्यांना बोललो. बरं. मग आज बोलतो."

आणि मान वर करून न्यायाधीशांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे, तिथल्या राजाच्या तसबिरीकडे बघत तेच वाक्य म्हणाला. तेच, शब्दाशब्दाने. दाणे खातो, तोंड उघडत नाही. उतरव.

सुकरीचं तोंड पांढरं पडलं. शिपाई जांभई देत होता.

"आरोपी काय म्हणतो?" न्यायाधीश.

शपथ आठवत होती मला, विसरले नव्हते. न वाढवता न घटवता. खरं सांगितलं तर पंधरा वर्षं, काका तिथेच मरणार. 'काही नाही म्हणतात' असं सांगावं तर एवढं बोललेलं सगळ्यांनी ऐकलंय. थांबायला वेळ नव्हता. तोंडात आलं ते आपण सगळेच बोलतो ते. कोणाच्या घरून उठताना, ईदला, हजला निघताना, मेलेल्याला खांदा देताना. आपल्याकडे निघताना माफी मागितली नाही तर माणूस उद्धट ठरतो. मी थाईत म्हणाले —

"म्हणतात, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर माफ करावं."

न्यायाधीशांनी मान डोलावली. मला तर वाटलं त्यांना बरं वाटलं. यंत्रात म्हणाले, "आरोपी क्षमायाचना करतो." आणि फाईल मिटली.

बाहेर पायऱ्यांवर सुकरीने माझं कोपर घट्ट धरलं. ओठ हलत नव्हते त्याचे. म्हणाला, "ताई, वाचवलंत त्याला."

शपथ मोडली मी. त्याची किळस यायला हवी होती. आली नाही. ह्या सगळ्या महिन्यात त्या इमारतीत ज्याची किळस आली नाही अशी ही एकच गोष्ट.

१५ जुलै, बुधवार

रोसलनला सांगितलं नाही. त्याने विचारलं, काका काय म्हणाला शेवटी? मी म्हटलं, माफी मागितली. तो म्हणाला, शहाणा आहे.

२३ जुलै, गुरुवार

निकाल. ध्वनिमुद्रणाच्या अर्थाबद्दल न्यायालयाला शंका वाटते, तेवढ्यावर आरोपीला सोडून दिलं असतं, असं चक्क लिहिलंय. परंतु शेवटच्या निवेदनात आरोपीने स्वतःहून क्षमा मागितली, आणि क्षमा गुन्ह्याचीच मागितली जाते. सहा वर्षं. कबुली दिल्याबद्दल निम्मी. तीन.

अपील करायचं तर माफी मागितलीच नव्हती हे सांगावं लागेल. मग तो काय बोलला होता, तेही.

हे सगळं काकाला आपल्या भाषेत मीच वाचून दाखवलं. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "माफी? मी कुठे मागितली माफी, पोरी?"

न्यायाधीशांनी विचारलं, आरोपी काय म्हणतो?

मी म्हणाले, "समजलं, म्हणतात."